साळवे कुटुंबाची हाक

लोणावळ्याच्या त्या छोट्या चर्चमध्ये कुटुंब सप्ताह आला की सुहास साळव्यांचा आवाज चढायचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस मंडळीचा पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. आठवडाभर संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना व्हायची आणि रविवारी साळवे एकेका कुटुंबाचं नाव पुकारायचे; ते कुटुंब पुढे जाऊन पाळकसाहेबांचा आशीर्वाद घ्यायचं. आई, बाप, लेकरं. देवानं घर असंच घडवलं, हे साळवे ठासून सांगत. कोणी शंका काढलीच तर त्याला वचनांनी असं झोडपत की बिचारा चहालाही थांबत नसे.

पण देवालाही थट्टा आवडत असावी. साळव्यांची एकुलती एक लेक प्रेरणा पुण्यात शिक्षिका झाली आणि रुपाली नावाच्या मुलीबरोबर संसार थाटून बसली. मग तिनं पिंकीला दत्तक घेतलं. कागदावर आई एकटी प्रेरणा, पण पिंकी दोघींनाही आईच म्हणायची.

"तुम्हाला पटायलाच पाहिजे असं नाही, पप्पा," प्रेरणा म्हणाली होती. "आम्हाला घरी येऊ द्या, एवढंच."

साळव्यांना पटलं नव्हतंच. पण पिंकी मांडीवर चढली की तिला खाली उतरवायला त्यांचा हात धजत नसे.

यंदा सोमवारची प्रार्थना साळव्यांकडे होती. प्रेरणा न कळवताच रुपाली आणि पिंकीला घेऊन आली. बैठक माणसांनी भरलेली. आंदर मावळातून लेकाकडे राहायला आलेली म्हातारी अंबूबाई, पिंकीला खांद्यावर थोपटणाऱ्या रुपालीकडे कधीची बघत होती. रुपाली आत गेली तशी म्हातारीनं विचारलं, "सुहासभाऊ, ही पोरगी कोन वं?"

"पिंकीला सांभाळायला ठेवलीये," साळवे म्हणाले.

"व्हय का? लय मायेची हाय बघा."

तेवढ्यात रुपाली चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिनं हसून सगळ्यांना कप दिले, साळव्यांनाही. प्रार्थना आटोपली आणि तिघी पुण्याला परतल्या.

तिनं ऐकलं का? चोराच्या मनात चांदणं. साळवे भुशीच्या रस्त्यानं फिरायला निघत आणि अर्ध्यातून माघारी येत. प्रेरणाचा फोन आला की बोलण्यापेक्षा तिचा सूरच तपासत. रुपालीनं ऐकलं असेल, लेकीला सांगितलं असेल, तर लेक गेली आणि नातही गेली.

"अहो, एका जागी बसा की!" बायको मार्था वैतागली. "पायाला भिंगरी लागलीये का?"

बसणार कसे? रुपालीला घरचं माणूस म्हणायला त्यांचा विश्वास आड येत होता, हे खरं. पण खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञाही त्याच देवाची. आणि खोटं ते विश्वासापायी बोललेच नव्हते, अंबूबाईच्या तोंडाला भिऊन बोलले होते. इतरांना झोडपणारा हा पंच एका म्हातारीला भ्यायला! त्यांना स्वतःची लाज वाटत होती, जेवण गोड लागत नव्हतं.

रविवारी नावं पुकारता पुकारता "साळवे कुटुंब" आलं आणि साळव्यांनी ते न पुकारताच यादी खाली ठेवली. मार्था उठून एकटीच पुढे गेली. साळवे मात्र बाजूच्या दारानं बाहेर पडले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रुपालीला फोन लावला.

"पप्पा? प्रेरणा अंघोळीला गेलीये. आली की सांगते तिला."

"तिच्याशी नाही, तुझ्याशीच बोलायचंय. सोमवारी मी अंबूबाईला..."

"ऐकलं होतं मी."

साळव्यांनी विचारलं, "मग... प्रेरणा काय म्हणाली?"

"तिला नाही सांगितलं," रुपाली म्हणाली. "तुमच्या घरी जाऊन आली की ती आठवडाभर खुशीत असते, पप्पा. ते कशाला घालवू?"