कुंडीवरचा हात

“उरलेलं पाणी हिकडं न्हाई,” असं म्हणत मास्टर शिलाई मशीनशेजारच्या कुंडीवर पालथा हात धरायचे. मग गिऱ्हाइकाच्या हातातला अर्धा पेला दाराजवळच्या बादलीत रिकामा व्हायचा.

आमचं पारनेर. इथं घोटभर पाणी उरलं तरी ते फेकत नाहीत, जवळच्या झाडाला घालतात. तुम्हीही तेच केलं असतं. पण मास्टरांचं झाड असल्या मायेनं मरणारं होतं. कोरफडीची ठेंगणी बहीण म्हणा ना: बोटभर उंची, जाड टोकदार पानं, पानांवर पांढरे पट्टे. मुळाशी ओल साचली की बुंधा कुजलाच. मुलीनं सासरी पुण्याला जाताना ते दिलं होतं, म्हणून तर एवढी राखण.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारी, मधे नुसता पत्रा. त्यामुळे सगळं दिसायचं. कुंडीत चाळलेला मुरूम आणि जाड वाळू जास्त, माती नावाला. आत काडी खुपसून बघायची, ती कोरडी निघाली तरच पाणी. तेही मशीनला तेल घालतात तसल्या नव्या कुपीनं, बेतानं.

हळूहळू बुंध्याशी पिल्लं फुटली आणि कुंडी गच्च भरली. कुणी एखादं मागितलं, की म्हणायचे, “त्याची त्याला मुळं फुटू द्या, मग न्या.” पोरीची पाठवणीसुद्धा माणसं इतकी लांबवत नाहीत, असं मी चिडवायची. ते हसायचे, पण पिल्लू काही द्यायचे नाहीत.

मग एकदा त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. चहा पिऊन झाल्यावर चहा आला का, असं विचारू लागले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

एका दुपारी त्यांनी कुंडीत पाणी घातलं, सुईत दोरा ओवला आणि पुन्हा कुपी उचलली. थोड्या वेळानं पुन्हा. मी उठून गेले आणि कुंडीवर हात धरला.

“मास्टर, आत्ताच दिलंत पाणी.”

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. “दिलं व्हय?”

मी मान हलवली. त्यांनी कुपी माझ्या हातात दिली. “तुमीच ठेवा, ताई. माझा आता भरवसा न्हाई.”

बुंधा तोवर मऊ पडला होता. कडेचं एकच पिल्लू टणक निघालं, त्याला स्वतःची मुळंही होती. ते सावलीत सुकवून मी मुरमात लावलं. मुलगी मास्टरांना न्यायला आली, तेव्हा तिच्या हातात दिलं. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा तिचा फोन आला. अब्बा आता तिला ओळखत नाहीत. गिऱ्हाईक समजून माप घ्यायला टेप शोधतात.

“पण काकू, पेला घेऊन खिडकीजवळ गेलं, की कुंडीवर हात येतोच.”

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“काही नाही. नुसता हात.”