अनघाने विचारलं तेव्हा

या लेखापुढे प्रश्न एकच आहे: अनघाने स्तनातली गाठ मला सांगितली त्या रविवारपासून तिने ती डॉक्टरांना दाखवली त्या दिवसापर्यंत सात महिने का गेले? अनघाला जाऊन आज सहा आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायला बसले की आठवणी गर्दी करतात, आणि त्या गर्दीत हा प्रश्न मागे पडावा अशी माझीच इच्छा असते. म्हणून तो आधी लिहून ठेवला.

अनघा मूळची साताऱ्याची. तिचे यजमान शिरीषराव केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यांच्या बदलीमुळे ती कोलकात्याला, सॉल्ट लेकच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला आली. मी जन्मापासून कोलकात्यात. इथल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर डमडमच्या घरी दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग सुरू केला. या मुलांना घरातलं मराठी कळतं, बोलताना मात्र अडतं. अनघा मदतीला आली ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “बाई, व्याकरण तुम्ही सांगा. मी त्यांना भांडायला शिकवते. भांडता आलं की भाषा आली!” आणि खरोखरच तिने मुलांच्या दोन फळ्या करून खिडकीजवळच्या जागेवरून अस्सल मराठीत भांडण लावलं. माझ्या वर्गात इतका गोंगाट कधी झाला नव्हता, आणि मुलं इतकं मराठीही कधी बोलली नव्हती.

अशाच एका रविवारी वर्ग सुटल्यावर चहाचे कप घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. “बाई, एक विचारू? डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, गाठ लागतेय. वाटाण्याएवढी.” मी विचारलं, “दुखते का?” ती म्हणाली, “नाही.” मी म्हटलं, “दुखत नाही ना? मग घाबरण्यासारखं काही नसेल.” हे वाक्य चुकीचं आहे. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरं, पण दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी ठरत नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. हे मला माहीत होतं. एखाद्या विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत माझं वाक्य लिहिलं असतं, तर मी त्यावर लाल फुली मारली असती.

अनघाने मग विचारलं, “तुमची ती विद्यार्थिनी आता मोठी सर्जन झालीय म्हणता ना? तिच्याकडे याल माझ्याबरोबर? माझं बंगाली म्हणजे भाजीबाजारापुरतं. वांगी मागता येतात, गाठ कशी सांगू?” ती हसत होती, पण हातातला कप तिने अजून खाली ठेवला नव्हता... मी म्हटलं, “एप्रिलमध्ये तुमची बदली होणारच आहे. पुण्याला गेलीस की दाखव. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत नीट सांगता येईल.”

बदलीच्या घरांची ही रीत मी अनेक कुटुंबांत पाहिली आहे. पडदे विरले तरी नवे घ्यायचे नाहीत, दाढ ठणकली तरी लवंगेवर भागवायचं, कारण सगळं पुढच्या गावी करायचं असतं. माझा सल्ला या रितीत इतका चपखल बसला की तिला तो शहाणपणाचा वाटला. एप्रिलमध्ये हुकूम आला नाही. जूनमध्ये मुक्काम आणखी दोन वर्षं वाढल्याचं कळलं. या काळात मी दोनदा विचारलं, “कसं आहे?” दोन्ही वेळा ती म्हणाली, “आहे तशीच आहे.” आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

वरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बदली आणि भाषा ही दोन कारणं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. ती पुरेशी नाहीत. अनघाला हिंदी उत्तम येत होतं, आणि त्या सर्जनलाही. खरं कारण वेगळं आहे. ती सर्जन दहावीत माझ्या वर्गात होती. पुस्तकात स्त्रीच्या शरीराचा धडा आला की मी मुलींना सांगत असे, “हा भाग घरी वाचा.” तीस वर्षं, प्रत्येक वर्गाला हेच सांगितलं. ज्या मुलीसमोर मी ‘स्तन’ हा शब्द कधी उच्चारला नाही, तिच्यासमोर बसून तो आता उच्चारायचा, याची मला लाज वाटली. एवढंच. माझ्या लाजेसाठी मी अनघाला थांबायला लावलं.

सातव्या महिन्यात गाठीवरची त्वचा आत ओढल्यासारखी दिसू लागली. या वेळी अनघाने विचारलं नाही. फोनवर म्हणाली, “उद्या जातेय. यायचं तर या.” मी गेले. सर्जनने तपासलं, हात धुतले आणि अनघाकडे न पाहता माझ्याकडे पाहून बंगालीत विचारलं, “कबे थेके, मिस?” केव्हापासून? मी म्हटलं, “थोड्या दिवसांपासून.” तेव्हा मागून अनघाचा आवाज आला, “ना. सात मास.” भाजीबाजारापुरतं बंगाली पुरलं होतं.  माझ्या विद्यार्थिनीने मान खाली घालून कागदावर सात हा आकडा लिहिला.

रोग तोवर काखेत आणि पुढे यकृतापर्यंत पोचला होता. अनघा आधी आली असती तर वाचली असती का, हे मी नंतर सर्जनला विचारलं. “नक्की कुणीच सांगू शकणार नाही, मिस,” ती म्हणाली, “पण उपचारांना संधी जास्त मिळाली असती.” ही संधी कुणी घालवली, हे तिने विचारलं नाही.

पुढचं सव्वा वर्ष मी प्रत्येक केमोथेरपीला अनघाबरोबर गेले. एकदा माझे डोळे भरून आले, तेव्हा ती पडल्या पडल्या म्हणाली, “बाई, तुम्हाला वाईट वाटतंय ते दिसतंय मला. पण आता तुमची समजूत मला काढायला लावू नका. दमलेय मी.” मी डोळे पुसले. क्षमा मागायची राहिली... कारण ती मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं होतं.

गेल्या रविवारी मुलांना बाहेर खेळायला पाठवून मी त्यांच्या आयांना खोलीत बसवलं आणि इतकी वर्षं घरी वाचायला सांगितलेला भाग मोठ्याने शिकवला. एकीने ओढणी सारखी केली, दुसरी खिडकीकडे बघत राहिली. मला ते ओळखीचं होतं. मी थांबले नाही.

वाचकांना विनंती आहे की केवळ मी लिहिलं म्हणून यातलं काही खरं मानू नका. डॉक्टरांना विचारून पडताळून पाहा. आणि स्वतःचं शरीर स्वतः पाहा: स्तनात किंवा काखेत नवी गाठ, त्वचेवर खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारा स्राव, यांपैकी काही दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात, आहात त्याच गावात, दाखवा. कुणी बरोबर चल म्हणाली, तर जा.