मुठीतला नमुना

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. माणसाच्या शरीरातलं आर्सेनिक मोजायचं, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. नखं, केस, यकृताचे तुकडे, सगळं उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलेलं. नुसतं किती आहे ते कोणीही मोजेल. बर्फबाई मोजायची ते कोणत्या रूपातलं आहे हे. कारखान्याच्या टाक्यांमधलं आर्सेनिक माणसाला आतून पोखरतं. माशांतून पोटात जातं ते मात्र बिचारं आल्या वाटेने निघून जातं. नमुना वितळला की रूपं बदलायला लागतात, म्हणून प्रत्येक कुपीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली असे. जराशी ऊब लागली की पट्टी लाल, आणि एकदा लाल झाली की नमुना बाद.

कुपी हातात धरून गप्पा छाटणारा कोणी दिसला की त्याची धडगत नसे. "चिमटा काय शोभेला दिलाय? का आरती ओवाळायची आहे त्या कुपीची?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची. लोक हसायचे, पण चिमटा उचलायचे.

तिचा धाकटा भाऊ कारखान्यात टाक्या धुवायचा. तो चौतिसाव्या वर्षी गेला. महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं: मयताच्या शरीरातील आर्सेनिक त्याच्या आहारातील माशांमुळे आलेले असावे. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. भावाला मासे जीव की प्राण, आणि एवढा घोडा झाला तरी काटे आईनेच काढून द्यायचे. पत्र वाचून आई उठली, कढई घासली, ओट्यावर पालथी घातली. त्यानंतर तिने गॅस पेटवला नाही. शेजारीण डबा देऊन जायची, त्यातले चार घास आई खायची.

"माझ्याच हातचं खाऊन गेला गं तो."

"आई, अगं माशांतलं बाधत नाही. माझा जन्म गेला ह्यात!"

"तू लेक आहेस, तू असंच म्हणणार. त्यांनी कागदावर लिहिलंय. तूही कागदावर आण."

भावाच्या यकृताचा जो एकच तुकडा शवविच्छेदनात काढून ठेवला होता, तो तिच्याच प्रयोगशाळेत आला. आपल्या माणसाचा नमुना दुसऱ्याकडे सोपवायचा, असा तिथला नियम. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही, आणि तिनेही ब्र काढला नाही. दुसऱ्या कोणाच्या हातावर तिचा भरवसाच नव्हता.

सकाळी तिने कुपी बाहेर काढली. आत करंगळीच्या पेराएवढा तुकडा. चिमट्याने उचलून बर्फाच्या ताटात ठेवायची, एवढंच करायचं होतं. पण तिला तो पाच वर्षांचा आठवला, रस्ता ओलांडताना तिच्या मुठीत आपली मूठ कोंबणारा. तिने कुपी तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. दोन मिनिटं गेली की दहा, तिलाच ठाऊक नाही. मूठ उघडली तेव्हा पट्टी लालभडक झाली होती.

एकवीस वर्षं जे कोणाला करू दिलं नाही ते तिने स्वतः केलं होतं, आणि तेही मायेपोटी. राग काढायचा तरी कोणावर?

तरीही तिने तो तुकडा यंत्राला लावला. यंत्रातून एकेक रूप आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर रेघ वर चढते. माशांची वेळ आली, रेघ जेमतेम हलली. मग टाक्यांमधल्या विषाची वेळ आली आणि रेघ वरच्या कडेला जाऊन भिडली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पट्टी पाहून साहेब म्हणाले, "हे तुमच्या हातून?"

"भाऊ होता माझा."

साहेबांनी कुपी हळूच ताटात परत ठेवली.

"माशांतलं रूप वितळून टाक्यांतलं विष होत नाही, साहेब. तुम्हालाही माहितीये."

"मला माहितीये हो. पण त्यांच्या वकिलाला लाल पट्टी दिसणार. आणि आता तर तुम्ही बहीणही निघालात." त्यांनी मान खाली घालून लिहिलं: आर्सेनिक अतिशय जास्त. नमुना वितळल्याने रूप सांगता येत नाही.

घरी आई चष्मा लावूनच बसली होती. कागद तिने दोनदा वाचला.

"कोणतं ते नाही लिहिलेलं."

"मी पाहिलंय, आई. माशांचं नव्हतं गं. शपथ घेऊन सांगते."

"पण लिहिलेलं नाही."

"तो वितळला. माझ्या हातात वितळला, आई. मी मुठीत धरून बसले."

आईने चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. आईने तिचा हात ओढून घेतला, बोटं एकेक करून उलगडली आणि तळव्यावरून अंगठा फिरवला.

"फार गार होता का गं?"

"हो."

आई बराच वेळ तो तळवा चोळत राहिली. मग तिने कागदाची घडी घातली आणि कारखान्याच्या पत्राखाली सरकवून ठेवली. शेजारणीचा डबा आला. दोघी समोरासमोर बसल्या आणि कोणीच तो उघडला नाही.