उलटी चप्पल

वंदनाबाई वासनिक चौथीला शिकवतात. त्यांच्या वर्गाबाहेर चपलांची रांग लागते आणि त्या रांगेत दोन-चार चपला रोज उलट्या असतात. प्रताप नगरापलीकडच्या आमच्या शाळेत मी शेजारच्याच वर्गावर आहे, त्यामुळे हा प्रकार मला रोज बघावा लागतो. चप्पल उलटी पडली की भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या शिक्षकांच्या खोलीत भांडणाला चपलेचीही गरज लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण बाईंचा तो नियमच आहे. झोप झाली नसेल, आईचा मार खाल्ला असेल किंवा नुसताच मूड नसेल, अशा मुलानं चप्पल उलटी ठेवायची. त्या दिवशी बाई त्याला प्रश्न विचारत नाहीत. "अशानं सगळेच उलट्या ठेवतील," मी म्हणालो होतो. सुरुवातीला ठेवल्याही. मग उत्तर येणाऱ्या पोरांचा जीव गुदमरायला लागला आणि चपला आपोआप सुलट्या झाल्या.

प्रीतीची मात्र जूनपासून उलटीच. घरी ही पोरगी शेजाऱ्यांची झोप उडवते म्हणे, शाळेत चकार शब्द नाही. लिहिते छान. तरी मुख्याध्यापक मार्तंड सरांनी ठरवूनच टाकलं होतं, तपासणीच्या दिवशी ही साहेबांसमोर बोलली नाही, तर तिला विशेष शाळेत पाठवायचं.

"पोरगी हुशार आहे हो सर, भेऊन राहिली फक्त," वंदनाबाई मला सांगायच्या. "तिले थोडा वेळ पाहिजे." त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

साहेब येणार त्या सकाळी आमच्या शिपाई सत्यवतीबाईंनी अंगण झाडलं, पताका लावल्या आणि साहेबांच्या वाटेत अपशकुन नको म्हणून एकूण एक चपला सुलट्या करून टाकल्या. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वंदनाबाईंनी रांग पाहिली. प्रीतीची चप्पल सुलटी! त्यांचा चेहरा असा फुलला की मीही कौतुकानं दारात थांबलो. साहेब बसले, शेजारी मार्तंड सर बसले आणि बाईंनी पहिलाच प्रश्न प्रीतीला विचारला.

प्रीती उभी राहिली. बाईंकडे रागानं बघत ती सरळ दारापर्यंत चालत आली आणि तिनं बाहेर डोकावलं.

"माही चप्पल कोनं सुलटी केली?" माझ्या कानठळ्या बसल्या. "मी उलटी ठेवली होती ना बाई! मले आज बोलाचं नाही आहे!"

साहेब हसू दाबत म्हणाले, "मग आता बोललीस ते काय?"

"हे बोलनं नाही. हे सांगनं आहे."

साहेब मार्तंड सरांकडे वळले. "न बोलणारी मुलगी ती हीच का?" सर खिशात रुमाल शोधायला लागले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

वंदनाबाईंचे डोळे भरून आले होते. "चुकलं वं बाई माझं," त्या प्रीतीला म्हणाल्या. मग साहेबांना तसंच बसवून त्या बाहेर आल्या, खाली वाकल्या आणि तिची चप्पल आपल्या हातानं उलटी करून ठेवली.