भाऊजींच्या वास्तुशांतीचा फोटो

माझ्या चुलत दिराने माझ्या मुलीचा फोटो गोरा केला, तिथून हे सुरू झालं. त्याचा सोलापुरात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. स्थळांना पाठवायचा फोटो घरच्याच माणसाकडून काढून घेऊ, असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. दिराने फोटो काढला, कॉम्प्युटरवर तिचा रंग उजळला, नाकही सरळ केलं आणि आम्हाला न दाखवता परस्पर मध्यस्थाला पाठवून दिला. पुण्याची मंडळी बघायला आली. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाच्या आईने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही धाकटी का?"

आम्हाला एकच मुलगी आहे.

ते गेल्यावर मी दिराला फोन केला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"वहिनी, काही रंग फोटोत बसतच न्हाईत. त्याला मी काय करणार?"

मी फोन ठेवला, पण ते वाक्य जपून ठेवलं. मुलीने त्यानंतर फोटो काढू देणं बंद केलं. कुणी मोबाइल वर धरला की ती पाणी आणायच्या निमित्ताने उठायची.

मला रोलच्या कॅमेऱ्याचा नाद आहे. शहरातला एक जुना स्टुडिओ बंद होताना मी तिथून कॅमेरा आणि दांड्याचा मोठा फ्लॅश घेतला होता. आमच्याकडच्या उन्हात माणसाला सूर्याकडे तोंड करून उभं केलं तर डोळे मिटतात आणि डोळ्यांखाली काळं पडतं. म्हणून मी सगळ्यांना सूर्याकडे पाठ करायला लावते आणि सावलीत गेलेल्या चेहऱ्यांवर समोरून फ्लॅश टाकते. सावळा चेहरा मग सावळाच येतो, पण डोळे, हसू, कानातलं, सगळं जागच्या जागी दिसतं.

यात एकच पथ्य आहे. माझ्या कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर क्षणभर उघडणारा कापडी पडदा आहे. त्याच्या वेगाची चकती साठच्या आकड्यावर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर, असली तर फ्लॅश पडताना तो पूर्ण उघडा असतो. एकशे पंचवीसवर नेली की तो अर्धाच उघडा राहतो आणि फोटोच्या उजव्या अर्ध्या भागाला फ्लॅश मिळत नाही. हे मला पहिल्याच रोलने शिकवलं. त्यात मुलीचा अर्धा चेहरा लख्ख आणि अर्धा काळा आला होता. तेव्हा ती पोट धरून हसली होती.

दिराने सोलापूरजवळ कुंभारीला घर बांधलं. वास्तुशांतीला त्याने मला कॅमेरा घेऊन यायला सांगितलं. मोबाइलचे फोटो सगळ्यांकडे असतात, त्याला हॉलमध्ये रोलवरचा, मोठा, फ्रेम केलेला फोटो हवा होता. मी लगेच हो म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

जेवणाआधी मी अंगणात स्टँड लावला, सगळ्यांची पाठ सूर्याकडे येईल असा. कोणी कुठे उभं राहायचं ते दिराने ठरवलं. स्वतः, बायको आणि सासरची माणसं माझ्या उजवीकडे. मुलगी मागच्या मागे सटकत होती, तिला त्याने डाव्या टोकाला नेऊन उभं केलं.

"तू हितं कडेला थांब. लागलं तर कापता येतंय की."

दोघं-तिघं हसले. मुलगी खाली बघत उभी राहिली.

मग तो कॅमेऱ्यापाशी आला. आधी फ्लॅशवरून मला छेडलं, दिवसा बॅटरी घेऊन हिंडताय व्हय म्हणाला. मग चकतीवर वाकला.

"साठ? एवढ्या उन्हात? सगळं पांढरं फट्ट होईल. एकशे पंचवीस पाहिजे." आणि त्याने चकती एक खूण पुढे फिरवली.

उन्हापुरतं त्याचं बरोबर होतं. पण त्याचा नवा कॅमेरा फ्लॅशचा वेग स्वतः सांभाळतो. माझा कॅमेरा कुणाचं काही सांभाळत नाही. मीही सांभाळलं नाही.

"तुम्हाला जास्त कळतं, भाऊजी," मी एवढंच म्हणाले.

तो खूश होऊन आपल्या जागी गेला, फेटा नीट केला. एकशे पंचवीस हा आकडा मुलीने ऐकला होता आणि तो पहिला रोल ती विसरली नव्हती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग उजव्या बाजूला पसरलेल्या मंडळींकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. मी त्याच क्षणी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तो माझ्या मनासारखा. आभाळ निळं, नवं घर रेखीव, डावीकडचे सगळे चेहरे लखलखीत. उजवीकडे फेटे आणि पैठण्या दिसत होत्या, तोंडांच्या जागी काळोख. मी तो मोठा करून घेतला, चांगल्या लाकडाची फ्रेम केली आणि स्वतः कुंभारीला नेऊन दिला. त्याची सासू तिथेच बसली होती.

त्याने फ्रेम उजेडाकडे धरली. "वहिनी, आमचीच तोंडं काळी कशी?"

"काही रंग फोटोत बसतच नाहीत, भाऊजी."

त्याने पुन्हा काढून मागितला. मी म्हटलं, रोल संपला. तो संपला नव्हता.

एक प्रिंट मी घरी ठेवली होती. तिच्यातून मुलीचा तुकडा कापून मध्यस्थाला पाठवला. सावळी, हसणारी, जशी आहे तशी. कडेला उभी होती, त्यामुळे सहज कापता आली.