दरीकडच्या चाकोऱ्या

आपल्या फौजेचा ट्रक बाजारात मिळत नाही. म्हणजे प्लास्टिकचा, सुटे भाग जोडून करायचा. जर्मन रणगाडे पाहिजे तेवढे मिळतात, पण डोंगरातल्या रस्त्यांवर पीठ, रॉकेल आणि माणसं वाहून नेणारा आपला साधा ट्रक कुणी विकत नाही. युद्ध म्हटलं की लोकांना तोफ लागते, ड्रायव्हर लागत नाही. शेवटी एका परदेशी ट्रकचं खोकं मागवलं, त्याचं नाक कापलं, पत्रा बसवून आपल्यासारखं केलं आणि हिरवा रंग दिला.

मी मलकापूरला राहतो. पाण्यासाठी, रस्त्यांसाठी, बंद पडलेल्या दवाखान्यांसाठी पत्रकं लिहितो आणि चौकात उभा राहून वाटतो. घरी टेबलावर मात्र रणगाडे. दोस्त छेडतात, "काऊन बे, भाषणात शांतता अन् घरात पलटन?" मी म्हणतो, शाळेपासूनचा नाद आहे.

हा ट्रक नादाचा नव्हता. माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे मालक, फौजेत ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी रिकामी गाडी घेऊन घाट उतरत होते. खालून भरलेली गाडी चढत होती. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा डोंगरातला नियम. भाऊजींनी गाडी दरीच्या बाजूला घेतली, थांबवली आणि खालची कड खचली, गाडी दरीत गेली. शेजारी बसलेला साथीदार तेवढा वाचला. तोच नंतर ताईच्या सासरी येऊन गेला. ओसरीच्या फरशीवर पाण्यात बोट बुडवून त्यानं गाडी कशी वळली, कुठे थांबली, ते काढून दाखवलं. फरशी वाळली, पण ताईच्या डोळ्यांपुढून ती रेघ गेली नाही.

ताईचं सासर धामणगाव बढ्याच्या पुढे, एका लहान गावात. तिथं काय बोललं गेलं ते मी स्पष्ट लिहितो. दारू पेला होता म्हणाले. झोप लागली असेल म्हणाले. पिठाच्या गिरणीवर, पाराखाली, आणि तेही तोंड वळवून नाही, ताईच्या सासऱ्यांच्या देखत.  सासऱ्यांनी पाराकडे जाणं बंद केलं.

मग गावातल्या शाळेत एक खोली जवानांच्या आठवणींसाठी ठेवायचं ठरलं. सव्वीस जानेवारीला उघडणार. गावातल्या पुढाऱ्यानं मला निरोप दिला, तुम्ही ते छोटं छोटं करता ना, एक देखावा करून द्या. मी गेलो. पुढाऱ्याला पाहिजे होतं ते असं: ट्रकच्या मागे धूर, पुढे शत्रू पडलेले, वर तिरंगा. मी म्हटलं, लढाई झालीच नव्हती. तो हसला.

"अपघात पाहाले कोण येते बे? शहीद दाखव. पोराची इज्जत वाढते, तुह्या बहिणीची बी वाढते."

खोट्यानं इज्जत वाढत असेल तर मला ती नको, असं मी सांगून आलो. ताईचे सासरे शेजारीच होते. ते पुढाऱ्याकडे पाहत होते, माझ्याकडे नाही.

ताई मात्र दुसऱ्याच दिवशी माहेरी आली. तिनं एकच गोष्ट मागितली. "चाकोऱ्या दिसल्या पायजे. गाडी कशी बाजूले घेतली ते लोकाइले दिसलं पायजे. बाकी तुले काय करायचं ते कर."

सगळा देखावा त्या दोन रेघांसाठी होता. चाकोऱ्या हलल्या, डुलल्या, तर गाव म्हणणार, पाहा, आम्ही काय म्हणत होतो.

प्लायच्या फळीवर थर्माकोल रचून डोंगराचा उतार कापला. दरीचे खडक बाभळीच्या सालीचे. साल मोडली की तिची कड खऱ्या दगडासारखी फाटते. आणि रस्त्यासाठी मी जे आपल्याकडचा कुणीही करेल तेच केलं. वावरातली काळी माती आणली, चाळली, पांढऱ्या गमात कालवली आणि थापली. माती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दुसरा रंगच येत नाही. दोन दिवस उन्हात ठेवली तर ती आखडली, भेगा पडल्या, आणि आखडताना तिनं थर्माकोलसकट फळीचा कोपरा वर उचलला.

ताई बघत उभी होती. "हे तं आपलं वावर हाये," ती म्हणाली. "ते इथी नाई पडले."

मी सगळं खरवडलं. हात तापले होते, डोकंही. गिट्टी क्रशरवरून करड्या दगडाची बारीक चुरी आणली, पुट्टीत मिसळली. हा रंग बरोबर होता. पण पुट्टी अर्धी ओली असते तेवढ्यातच चाक फिरवायचं. आधी फिरवलं तर खड्डा पडतो, नंतर फिरवलं तर ओरखडा. सुटं चाक चिमट्यात धरून मी श्वास रोखला आणि ओढलं. मधे चिमटा घसरला. बारीकसा झोल आला, नखाएवढाही नसेल.

ताईनं वाकून पाहिलं. गावानं जे म्हटलं ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"हे पेलेल्यासारखं दिसते."

मी पुट्टी खरवडून पुन्हा थापली. या वेळी स्टीलची पट्टी लावली आणि चाकोरी सरळसोट काढली. तीही तिनं नाकारली. पट्टी लावून कोण गाडी चालवते, म्हणाली, हे तू काढलं, त्याईनं नाई काढलं. मी चिडलो. म्हटलं, मग तूच सांग कशी काढू.  ती म्हणाली की स्कूटी शिकवताना ते म्हणत, चाकाकडे नको पाहू, जिथं जायचं तिथं पाहा, गाडी आपोआप जाते.

तिसऱ्यांदा थापलं. ताईनं फळीच्या पुढच्या टोकाला, दरीच्या कडेशी बोट ठेवलं. मी तिच्या बोटाकडे पाहत चाक ओढलं. आधी रस्त्याच्या मधोमध, मग हळूच डावीकडे दरीच्या बाजूला वळण, मग कडेला समांतर, आणि थांबा. दुसरी चाकोरीही तशीच. ताईनं बोट उचललं तेव्हा त्याला पुट्टी लागली होती. ते पुसून तिनं ट्रक माझ्या हातात दिला. मी समजलो.

ट्रक शेवटच्या ठिकाणी चिकटवला, पडताना नाही, थांबलेला. दरीकडची दोन चाकं कडेवर, त्यांच्याखाली कड नुकती फुटायला लागलेली. उजवीकडचा अर्धा रस्ता मोकळा.

पंचवीस तारखेला सकाळी ते सगळं शाळेत नेऊन ठेवलं. काचेची पेटी मलकापूरच्या दुकानातून तयार व्हायची होती, ती आणायला मी परत गेलो. तीच वेळ पुढाऱ्यानं साधली. चार वाजता पेटी घेऊन पोहोचलो तर खोलीचं दार उघडं होतं. पुढाऱ्याची माणसं येऊन गेली होती. ट्रकच्या बाजूला लाल रंग शिंपडला होता. दरीची कड, कडेवरची चाकं आणि दोन्ही चाकोऱ्या कापसाखाली. काजळी चोळलेला कापूस, गमानं चिकटवलेला, स्फोटाचा धूर म्हणून. वर कागदी झेंडा.

मी पेटी खाली ठेवली. पुढाऱ्याच्या घरी जायला निघालो तर दारात ताई आणि तिचे सासरे उभे. त्यांनी पाहिलं. सासऱ्यांचा चेहरा सैल झाला, ते मला दिसलं. ते म्हणाले, "राहू दे. बेस हाये. लोकाइचं तोंड तं बंद होईन."

मी पत्रकात लिहितो तसं बोलायला लागलो, खोटं आणि खरं आणि कुणाचा फायदा. ताईनं मला हातानं थांबवलं. तिनं सासऱ्यांकडे तोंड केलं.

"मामाजी, लढाईत मेले म्हणलं तं पेले नव्हते हे कोण सांगन? ते तं तसंच राहीन."

सासरे खाली पाहायला लागले. ताई टेबलाशी गेली, पदर खोचला. गम वरून ओला होता, आतून धरायला लागला होता. मी हात लावला असता तर कापसासकट चाकोरी उपटली असती. तिनं तीन बोटांनी कापसाचा फक्त शेंडा धरला, हलकेच पिळला आणि ओढला, बोंडातून काढतात तसा, बोंड न हलवता. वेचणीचा हात आहे तिचा, लहानपणापासूनचा. एकेक पुंजका निघत होता आणि ती तो ओच्यात टाकत होती. कडेच्या फटीत एक धागा अडकला तेव्हा मी तोंड फिरवलं. तो तिनं नखानं काढला.

खालच्या चाकोऱ्या उघड्या पडल्या. थोड्या काळवंडल्या होत्या, पण होत्या तशा होत्या. लाल रंग मी ओल्या फडक्यानं टिपला, डाग राहिलाच. झेंडा ताईनं काढून भिंतीवर नीट लावला.

सासरे जवळ आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग बोट चाकोरीच्या वर धरून, न टेकवता, मधल्या रस्त्यापासून कडेपर्यंत नेलं.

"अन् ते खालून येणारी गाडी?"

ताईनं उजवा मोकळा अर्धा रस्ता दाखवला. "ते निघून गेली. जागा होती तिले."

सकाळी झेंडावंदनानंतर पुढारी खोलीत शिरला आणि थांबला. धूर कोणं काढला, त्यानं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "आमच्या घरानं काढला." पुढारी जमलेल्या माणसांकडे पाहत बाहेर निघाला. भाषणात मात्र लढाई सांगितलीच. लोक रांगेनं येऊन पाहून जात होते. रांगेत गिरणीवर बसणारा एक जण होता. पेला होता हे सगळ्यात आधी म्हणणारा तोच.

सासऱ्यांनी त्याचा दंड धरला. जोरात नाही, पण सुटेल असाही नाही.

"नीट पाय. चाकोरी डुलते का सरळ हाये, सांग."

मागची रांग थांबली. तो माणूस काचेवर वाकला. ताई दाराशी होती, तिनं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

"सरळ हाये," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांग," सासरे म्हणाले.