जावयाच्या जटा आणि वहिनीची जट

माझी भाची जर्मनीत नोकरी करते. तिचा नवरा तिथला रेगे गायक. रेगे म्हणजे वेस्ट इंडीजकडच्या एका बेटावरचं संगीत, हे मला तिनेच सांगितलं. त्या बेटावर हा आयुष्यात एकदाच गेला, आठ दिवस. बाप बेकरीवाला, गाव आपल्या पोलादपूरएवढं. पण गाताना इंग्रजी काढतो ते त्या बेटावरच्या माणसासारखं. विशीत असताना त्याचं एक गाणं उन्हाळाभर रेडिओवर वाजलं, मग बिअरच्या जाहिरातीत गेलं आणि तिथून सगळी उतरणच. आता बेचाळिसाव्या वर्षी तो जत्रांमधल्या तंबूत गातो. घर भाचीच्या पगारावर चालतं. त्याचा मॅनेजर म्हणतो, काहीही कर, पण केस कापू नकोस, लोक अजून येतात ते केस बघायला. केस म्हणजे कमरेपर्यंत लोंबणाऱ्या जटा.

गेल्या दिवाळीनंतर दोघं महिनाभर महाडला माझ्याकडे राहिली. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घाणीचं मला वावडं नाही. पण त्या महिन्यात आली तशी किळस मला कधी आली नव्हती.

माझं माहेर पोलादपूरजवळचं कापडे गाव. तिथे माझी चुलत वहिनी राहते. नऊ वर्षांपूर्वी तिच्या केसांत जट झाली. देवीने दिली म्हणून तिने तिला ना पाणी लावलं, ना फणी. जट मनगटाएवढी जाड झाली. मान एका बाजूला कलली. कानामागे जखम झाली, ती सारखी वाहायची. वाडीतल्या बायका मंगळवारी तिला हळदकुंकू लावायच्या आणि जेवायला मात्र लांब बसवायच्या, वास येतो म्हणून. दीड वर्ष मी तिच्या मागे होते. शेवटी ती तयार झाली. भात झोडून झालं की कापायची, असं ठरलं.

त्याच आठवड्यात मी भाचीला आणि जावयाला कापड्याला वहिनीकडे जेवायला नेलं. ही माझीच चूक. जावई ओटीवर बसला, डोक्याचं फडकं सोडलं आणि जटा खाली आल्या. मग त्याला बघायला जमलेल्या बायकांतली एक म्हातारी उठली आणि त्याच्या पाया पडली. मागोमाग चार जणी. त्याने कुणालाही अडवलं नाही. डोळे मिटून हात जोडून बसला. नंतर वहिनीला शेजारी बसवून दोघांचा फोटो काढून घेतला.

वहिनीने मला चुलीपाशी गाठलं.

"वन्सं, मी नाय कापनार."

"का?"

"त्याला पन दिलीय ना. त्याच्या मुलखात आपली देवी नाय, तरी ती तिथवर गेली. आनि मी हितं बसून तिला कापू?"

मी महाडला परतल्यावर जावयाला म्हटलं, तिला सांग, ह्या जटा तू सलूनमध्ये खुर्चीत बसून करून घेतल्यास. भाचीने त्याला जर्मनमध्ये सांगितलं. तो शांतपणे ऐकून काहीतरी बोलला.

"मावशी, तो म्हणतो, इथल्या लोकांच्या श्रद्धेत मी ढवळाढवळ करणार नाही."

"तिच्या कानामागे पू आहे, हे सांगितलंस का?"

"सांगितलं. तो म्हणतो, तिचा निर्णय तिचा."

फोटो तोवर त्याने इंटरनेटवर टाकलाही होता. खाली हजारो बदाम. जखम दिसू नये म्हणून फोटो दुसऱ्या बाजूने काढलेला होता. म्हणजे जखम त्याने पाहिली होती.

मग मीही सरळ वागले नाही. जखम धुवायची आहे असं सांगून रविवारी वहिनीला महाडला बोलावून घेतलं. रविवारी तो केस धुतो, हे मला माहीत होतं. ती आली तेव्हा तो मागच्या पडवीत ओले केस सोडून बसला होता. वीज गेलेली, त्यामुळे ड्रायर बंद, आणि जटांना भिजलेल्या शेळीचा वास. भाची क्रोशाच्या सुईने सुटलेले केस एकेका जटेत मुळाशी ओवत होती.

"हे काय करतेस गो?" वहिनीने विचारलं.

"दर महिन्याला करावं लागतं, मामी. नाहीतर सुटतात."

"सुटतात?" वहिनीने एक जट हातात घेतली, ओढून बघितली, हुंगली. "म्हंजे याची खोटी. माझी आपोआप झाली. माझी खरी."

मी कपाळावर हात मारला. इतका खटाटोप करून मी तिची श्रद्धा आणखी पक्की केली होती. पण ती आता शाम्पूची बाटली उचलून हुंगत होती.

"वास चांगला हाय. मला लाव गो जरा. देवीला काय, वासाचं वावडं नसंल."

भाचीने कोमट पाणी ओतलं. नऊ वर्षांत पहिलं. जटेतून काळं पाणी निघालं, निघतच राहिलं. जट भिजून इतकी जड झाली की वहिनीची मान मागे गेली, ती मला दोन्ही हातांनी धरावी लागली. कानामागची खपली सुटली आणि फरशीवर अळ्या पडल्या. पांढऱ्या, वळवळत्या. जावई उठून पडवीच्या कडेला ओकला.

वहिनीने अळ्यांकडे बघितलं.

"ह्या माझ्यातून पडल्या?"

"हो."

"काप, वन्सं."

दवाखान्यातली कात्री पुरेना, झाडांच्या फांद्या छाटायची घेतली. जट खाली पडली तरी तिची मान वाकडीच होती. ती सरळ व्हायला तीन महिने लागले. जखम आधी भरली. वाडीतल्या बायकांना ती सांगते, देवीनेच किडे दाखवले, मग मी ऐकलं.

जावयाचं नवीन गाणं पावसाळ्यात आलं. त्याच्यावर चित्र म्हणून तोच फोटो, वहिनी आणि तो, शेजारी शेजारी. मी भाचीला फोन करून तो काढून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, त्याचं हे एवढंच गाणं चाललंय, मावशी. मी फोन ठेवला.

वहिनी ताप आला म्हणून आपणहून दवाखान्यात आली तेव्हा तिला तो फोटो मोबाइलवर दाखवला. तिने डोळे बारीक केले.

"शी. काय घान दिसत व्हते गो मी," ती म्हणाली, आणि आत जाऊन डॉक्टरांच्या रांगेत बसली.